पाणी कुठवर मुरते?

सातारा जिल्ह्यात पाटणच्या पश्चिमेला पाऊस कसा पडतो, हे तिकडच्या मंडळींना सांगायला नको. जून निम्मा सरला की धार लागते. घोंगडी वाळत नाही, चूल धड पेटत नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात जन्मलेली कोयना दक्षिणेला धावत येते, हेळवाकपाशी एकदम पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते.

एवढे पाणी जाते कुठे? काही नदीतून वाहून जाते. काही कोयनेच्या धरणात अडते. आणि काही मुरते. मुरते म्हणजे किती खोल जाते?

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात आम्ही वर्गात हा प्रश्न विचारला. एक आबा म्हणाले, "हीर चाळीस-पन्नास फूट. बोअर म्हणाल तर तीन-चारशे फूट. त्याच्याखाली निस्ता काळा फत्तर. तिथं कुठलं आलंय पानी?"

आबांचा अनुभव खोटा नव्हे. विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा कातळ. कातळ लागला की पहार ठणठण वाजते आणि खर्च वाढतो. आम्हीही आबांसारखेच समजत होतो. पण 2017 साली कोयना-वारणेच्या डोंगरात गोठणे या गावी शास्त्रज्ञांनी एक भोक पाडून पुरे केले. तोंडाशी ते दीड फूट रुंद आहे. खोली आहे 3 किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दहा हजार फूट. कळसूबाईचे शिखर उलटे करून त्यात घातले, तरी खाली सव्वा किलोमीटरहून जास्त भोक उरेल. एवढ्या खोलवरही पाणी सापडले. आणि ते पाणी पावसाचे निघाले.

पाणी पावसाचे हे कसे कळले, असे कोणी विचारील. पाण्याचे सगळे कण एकाच वजनाचे नसतात. काही किंचित जड असतात, काही हलके. पावसाच्या पाण्यात जड-हलक्यांचे प्रमाण ठराविक रीतीचे असते. बारीक वजन करणारी यंत्रे ते प्रमाण सांगतात. सराफाचा काटा सोन्याची रती सांगतो ना, तसाच हा प्रकार, पण त्याहून कितीतरी पटींनी नाजूक.

आता, एवढा खटाटोप करून भोक का पाडले? त्यासाठी मागे जाऊ या.

11 डिसेंबर 1967. सोमवारची पहाट. साडेचार वाजायचे होते. थंडीचे दिवस, माणसे घरात झोपलेली. एकाएकी जमीन हादरली. कोयनानगर आणि आसपासच्या वाड्यांतील बहुतेक घरे पडली किंवा तडकली. दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली. धक्का मुंबईपर्यंत जाणवला. कोयनेची वीज तुटल्याने मुंबईचीही गैरसोय झाली. धरणाला भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला जादा बळकटी देण्यात आली.

त्या काळी दख्खनचा हा पठारी भाग म्हणजे अढळ, इथे भूकंप व्हायचाच नाही, असे पुष्कळांना वाटे. मग हा झाला कसा? कोयनेच्या तळ्यात 1961-62 च्या सुमारास पाणी साठू लागले, आणि लवकरच लहान लहान धक्के जाणवू लागले. जगात इतरत्रही असे घडलेले होते. आफ्रिकेत झांबेझी नदीवर करिबा, ग्रीस देशात क्रेमास्ता, चीनमध्ये शिनफेंगजिआंग, या तिन्ही धरणांपाशी तळे भरल्यावर मोठे धक्के बसले होते. अशा धरणाजवळच्या धक्क्यांत कोयनेचा सर्वांत मोठा मानतात. तो 6.3 प्रतीचा होता.

दुसऱ्या धरणांपाशी काही वर्षांत सगळे शांत झाले. कोयनेपाशी झाले नाही. 1985 साली दक्षिणेला शिराळा तालुक्यात चांदोलीच्या धरणात वारणेचे पाणी साठू लागले, आणि 1993 पासून तिकडेही धक्के वाढले. 1967 पासून या मुलखात 5 किंवा त्याहून मोठ्या प्रतीचे वीसहून जास्त धक्के झाले. लहानांची मोजदाद तर हजारांत जाते. हे सगळे होते ते 30 किलोमीटर लांब आणि 20 किलोमीटर रुंद अशा एवढ्याशा टापूत. कराडहून पाटणला जायला जेवढे चालावे लागते, तेवढीही ही लांबी नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धक्क्यांचा कित्येक वर्षे पाठपुरावा केला. भूकंप जिथे जन्मतो, तिथवर भोक पाडून जवळून पाहायचे झाले, तर याहून सोयीची जागा मिळणे कठीण, असे त्यांचे म्हणणे.

पाण्याने भूकंप कसा होईल, ही शंका रास्त आहे. एक साधा प्रयोग करून पाहा. पितळी किंवा काचेचा पेला गरम पाण्यातून काढा आणि किंचित उतार असलेल्या गुळगुळीत, ओल्या फरशीवर पालथा ठेवा. हात न लावता पेला आपोआप सरकू लागतो. आयाबायांनी हे पुष्कळदा पाहिले असेल. पेल्याचे वजन काही कमी झालेले नसते. पण आत कोंडलेली हवा तापते, फुगते आणि पेल्याला वर रेटते. मग पेला फरशीला आधीइतका घट्ट चिकटून राहत नाही. थोडा उतार मिळाला की निघाला.

जमिनीखालच्या खडकांना मोठमोठ्या भेगा आहेत. भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक प्रचंड वजनाने एकमेकांवर दाबलेले असतात, म्हणून सरकत नाहीत. आपला सगळा देश उत्तरेकडे अगदी सावकाश सरकतो आहे आणि हिमालयाला रेटतो आहे. त्याचा ताण या खडकांत साठत राहतो. त्या भेगेत पाणी शिरले, त्याचा दाब वाढला, की ते दोन्ही खडकांना एकमेकांपासून रेटते, पेल्यातल्या हवेसारखे. पकड सुटते. खडक झटक्याने सरकतो. तोच भूकंप. शिवाय तळ्यातल्या पाण्याचे वजनही वरून बदलत राहते. पावसाळ्यात तळे भरते, उन्हाळ्यात उतरते.

म्हणजे पाण्याने भूकंप घडवला असे म्हणणे बरोबर नाही. ताण आधीचाच. बंदूक ठासलेली होती, पाण्याने चाप ओढला. गोठण्याच्या भोकात जी मोजमापे झाली, त्यांवरूनही हेच दिसले की इथला खडक ताणाच्या अगदी काठावर आहे. थोडासा फरकही त्याला पुरतो. आणि पाणी 3 किलोमीटरपर्यंत पोचते हे कळल्यामुळे ही उपपत्ती पुष्कळ बळकट झाली. नाहीतर पाणी खालपर्यंत जाते की नाही, हाच मुळात वाद होता. "कुठंतरी पाणी मुरतंय" असे आपण संशयाने म्हणतो. इथे ते खरोखरच मुरत होते!

मोठ्या भोकाच्या आधी शास्त्रज्ञांनी या भागात सुमारे दीड-दीड किलोमीटरची नऊ भोके पाडली. त्यांतून खडकाचे गोल, लांब तुकडे काढले. मुसळासारखे दिसतात. कराडजवळ हजारमाची येथे केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. तिथे हे तुकडे क्रमाने पेट्यांत लावून ठेवले आहेत. वरून खाली एकेक पेटी पाहत गेले की जमिनीची बखर वाचल्यासारखे होते.

वरचे खडक काळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून तापलेला रस पुन्हा पुन्हा वाहिला. एक थर थिजला की त्यावर दुसरा. भाकऱ्यांची चवड असावी तसा हा सह्याद्री थराथराने रचलेला आहे. थराच्या वरच्या भागात वाफेचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या पुढे पांढऱ्या खनिजांनी भरल्या. तोच आपला मांजऱ्या. विहीर खणणाऱ्याला एक-दोन भाकऱ्या दिसतात, शास्त्रज्ञांनी सगळी चवड पाहिली. गोठण्यापाशी ती सव्वा किलोमीटर जाड भरली.

तिच्याखाली काय असेल याविषयी निरनिराळे तर्क होते. जुन्या समुद्राचा गाळ असेल, वाळूचा दगड असेल, असेही म्हणत. भोकांत तसे काही आढळले नाही. काळा दगड संपला आणि एकदम करडा-गुलाबी ग्रॅनाइट लागला. त्याचे वय अडीचशे कोटी वर्षांहून जास्त! साडेसहा कोटी वर्षांचा काळा कातळ त्याच्यापुढे कालचे पोर म्हणायचा. धक्के मुख्यतः या ग्रॅनाइटात जन्मतात. म्हणून त्याचे तुकडे यंत्रात दाबून, तापवून, घासून पाहतात. किती दाबाला तडकतो, ओला असताना किती लवकर सरकतो, याची परीक्षा घेतात. लोहार पोलाद पारखतो तशीच ही पारख.

आणि आता ज्याने आम्हाला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते सांगतो. या खडकांत जीव सापडले.

जीव म्हणजे बेडूक-किडे नव्हेत. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. दुधाला विरजण लावले की ज्यांच्यामुळे दही होते, त्या जातकुळीचे म्हणा. खरगपूरच्या आय. आय. टी. संस्थेतील प्राध्यापक पिनाकी सार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कोयनेच्या भोकांतले खडक तपासले, आणि 2018 साली आपला शोध प्रसिद्ध केला. दीड किलोमीटरपर्यंतच्या काळ्या खडकात आणि ग्रॅनाइटातही जिवाणूंच्या खुणा मिळाल्या. अगदी थोड्या, पण मिळाल्या.

हे काम फार जपून करावे लागते. भोक पाडताना वापरलेल्या पाण्याबरोबर वरचे जिवाणू खाली गेले नाहीत कशावरून? हाताला, हवेत, भांड्यात सगळीकडे जिवाणू असतात. म्हणून दगडाचा बाहेरचा भाग टाकून देतात आणि आतला गाभा कुटून तपासतात. भोकातल्या पाण्यातले जिवाणू वेगळे तपासून ताडून पाहतात. सोवळ्यात स्वयंपाक करणारी आजीही इतके सोवळे पाळीत नसेल.

तिथे ऊन नाही, वारा नाही, पालापाचोळा नाही. मग ते खातात काय? खडकच त्यांची शिदोरी. काळ्या दगडात लोखंडाचा अंश असतो. पाणी त्याला लागले की हायड्रोजन नावाचा वायू थोडाथोडा सुटतो. ग्रॅनाइटातील किरणोत्सारी द्रव्येही पाणी फोडून हायड्रोजन करतात. असा वायू, लोखंड, गंधक आणि कार्बन डायऑक्साइड यांवर काही जिवाणू गुजराण करू शकतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत 2.8 किलोमीटर खोलीवर 2008 साली असाच एकांडा जिवाणू सापडल्याचे प्रसिद्ध झाले होते. अशा ठिकाणचे जीव फार सावकाश जगतात. आपल्या घाईच्या दुनियेशी त्यांचा काही संबंध नाही. पण पाणी मात्र त्यांनाही लागतेच.

हे सगळे वर्गात सांगून झाल्यावर आबा काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी असे विचारले, की आम्ही खोकल्यासारखे करून वेळ काढला. "आवो, त्येंनी भोक पाडलं म्हनून धक्का बसायचा न्हाई ना? आन् धरान ऱ्हाईल ना?"

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. भोक पाडायच्या आधी पन्नास वर्षे धक्के बसतच होते. दुसऱ्याविषयी एवढे सांगता येते, की धरणाने 1967 चा मोठा धक्का सोसला आणि नंतर त्याला बळकटी दिली आहे. पुढचा धक्का अमुक दिवशी बसेल, असे आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही. कोणी तारीख सांगत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. लहान धक्क्यांनी ताण निघून जातो, असेही लोक मानतात. तेही फारसे खरे नाही. प्रतीचा एक आकडा वाढला की सुटणारी शक्ती सुमारे बत्तीसपट होते. म्हणजे 6 प्रतीच्या एका धक्क्याची शक्ती निघून जायला 4 प्रतीचे हजार धक्के लागतील.

पण माणसे धक्क्याने थोडीच मरतात! ती पडलेल्या भिंतीखाली आणि माळवदाखाली मरतात. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत हेच झाले. जाड दगडी भिंती, मातीचा लपका, वर मातीचे जड माळवद. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. दगडी भिंत बांधायचीच असेल तर दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड अधूनमधून घालावेत. जोत्याशी आणि दाराच्या वर चारही भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा सलग फिरवावा. मडक्याच्या गळ्याला दोरी आवळावी तसा तो भिंती एकत्र धरतो. छप्पर हलके असावे. गवंडी म्हणेल, "कशाला खर्च?" त्याचे ऐकू नये.

खोल भोकांपैकी काहींत आता भूकंपमापक यंत्रे सोडून ठेवली आहेत. वर रस्त्यावरून मोटार गेली, गुरे धावली, तरी त्यांना त्याचा उपद्रव होत नाही, आणि खडकाची अगदी बारीक कुरकूरही ऐकू येते. यापुढे सुमारे 6 किलोमीटर खोल भोक पाडायचा शास्त्रज्ञांचा बेत आहे. तिथे उष्णता पाणी उकळेल इतकी असेल. तिथवर पावसाचे पाणी पोचते का, आणि पोचत असले तर त्यात जीव असतील का, हे तेव्हा पाहायचे आहे. आबांनी आपला अंदाज आताच सांगून ठेवला आहे. ते म्हणतात, "आसंल की. आमच्याकडचा पाऊस हाय त्यो."