लॅपटॉप घेताना : आकड्यांच्या पाटीवर काय वाचावे?

जून महिना जवळ येऊ लागला, की दाखले नेण्यासाठी धर्मग्राम कार्यालयात येणारे पालक जाता जाता आणखी एक प्रश्न विचारतात. "फादर, मुलीचं कॉलेज सुरू होतंय. लॅपटॉप कोणता घेऊ?" दुकानातून आणलेली दोन-तीन छापील पत्रके त्यांच्या हातात असतात. त्यांवरील आकडे आणि अक्षरे पाहून त्यांचा गोंधळ झालेला असतो. अनेकांनी या खरेदीसाठी वर्षभर पैसे साठवलेले असतात. काहींना हप्ते फेडायचे असतात. म्हणून या आकड्यांचा अर्थ साध्या शब्दांत सांगावा, असे मनात आले.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी कार्यालयासाठी आम्ही सर्वांत स्वस्त लॅपटॉप घेतला. रॅम ४ जीबी आणि साठवण ६४ जीबी, एवढेच त्याच्या पाटीवर होते. पत्रे टाईप करायला आणि जमाखर्च ठेवायला एवढे पुरेल, असे आम्हाला वाटले. पहिल्याच वर्षी विंडोजच्या नव्या आवृत्तीसाठी त्यात जागा उरली नाही. एक दाखला छापायला लागणाऱ्या वेळात आमच्या कार्यालयीन सहायकांचा चहा पिऊन होत असे. दोन वर्षांत ते यंत्र कपाटात गेले. पैसे लोकांनी दिलेल्या देणगीचे होते, म्हणून ती चूक अधिक बोचली.

साठवण : एसएसडीला पर्याय नाही

घरगुती वा कार्यालयीन लॅपटॉपचा वेग सर्वांत जास्त कशाने बदलतो, असे विचारल्यास त्याचे उत्तर साठवणीचा प्रकार हे आहे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि तिच्यावरून सुई सरकत माहिती शोधते. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. हार्ड डिस्क एका सेकंदात साधारण १०० ते १५० एमबी माहिती वाचते. साटा जातीची एसएसडी सुमारे ५५० एमबी आणि एनव्हीएमई जातीची त्याहून कितीतरी अधिक. दैनंदिन कामात साटा आणि एनव्हीएमई यांतील फरक फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्क आणि एसएसडी यांतील फरक मात्र यंत्र सुरू करताच कळतो. स्वस्त यंत्रांत 'ईएमएमसी' नावाची साठवण असते. ती एसएसडीपेक्षा मंद असते आणि बहुधा बदलताही येत नाही. आमची फसगत झाली ती हिच्यामुळेच.

घरासाठी ५१२ जीबी एसएसडी उत्तम. केवळ पत्रव्यवहार असेल तर २५६ जीबीतही काम भागते. घरी आल्यावर ५१२ ऐवजी ४७६ जीबी दिसल्यास दुकानदाराने फसवले, असे समजू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत. एवढाच तो फरक.

रॅम : कामाचे टेबल

साठवण हे कपाट मानले, तर रॅम हे कामाचे टेबल होय. टेबल लहान असेल तर एक कागद काढताना दुसरा उचलून ठेवावा लागतो. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे. पण तेवढ्यात यंत्र केवळ सुरू होते, सुखाने चालत नाही. आज ८ जीबी ही खालची मर्यादा मानावी. ब्राउझरमध्ये एकाच वेळी बरीच पाने उघडणारे, व्हिडिओ कॉलवर बोलताना दुसरे काम करणारे आणि पाच-सहा वर्षे यंत्र वापरू इच्छिणारे यांनी १६ जीबी घ्यावी. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीच्या किमती बऱ्याच चढल्या, त्यामुळे हा निर्णय काहीसा महाग झाला आहे. म्हणून दुकानात एक प्रश्न अवश्य विचारावा : "रॅम पुढे वाढवता येईल का?" अनेक सडपातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. रिकामा स्लॉट असल्यास आज ८ जीबी घेऊन पुढे भर घालता येते. नसल्यास आजच विचार करून घ्यावे.

प्रोसेसर : नाव मोठे, पिढी जुनी

अधिक फसगत होते ती येथे. एका पालकांनी दोन पत्रके समोर ठेवली. एक वापरलेला लॅपटॉप होता, 'आय सेव्हन-६५००यू' असलेला. दुसरा 'आय थ्री-१२१५यू' असलेला. "आय सेव्हन मोठा ना, फादर?" त्यांनी विचारले. नाव मोठे, हे खरे. परंतु ६५०० मधील ६ हा आकडा सहावी पिढी सांगतो. ती २०१५ सालची असून त्या प्रोसेसरमध्ये केवळ दोन कोअर आहेत. १२१५ मधील १२ म्हणजे बारावी पिढी, २०२२ सालची. तिच्यात सहा कोअर आहेत. शिवाय इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे तो 'मोठा' आय सेव्हन बँकेच्या व्यवहारासाठी सुरक्षित राहिला नसता. त्यांनी आय थ्री घेतला, तो योग्यच.

डिसेंबर २०२३ पासून इंटेलने नव्या मालिकांमधून 'आय' हे अक्षर गाळले; आता 'कोअर ५', 'कोअर अल्ट्रा ५' अशी नावे दिसतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडा पाहावा : ७५२०यू मधील २ म्हणजे जुनी रचना, ७५३०यू मधील ३ म्हणजे तिच्यानंतरची. शेवटचे अक्षर 'यू' असेल तर प्रोसेसर कमी वीज खाणारा, 'एच' असेल तर अधिक ताकदीचा आणि अधिक तापणारा. पत्रे, हिशेब, ऑनलाईन वर्ग आणि बँकेचे काम यांसाठी अलीकडच्या पिढीचा आय थ्री किंवा रायझन ३ पुरेसा आहे. ऐपत असल्यास आय फाईव्ह किंवा रायझन ५. त्यापुढचा खर्च रॅम आणि पडद्यावर करावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड केवळ खेळ, व्हिडिओ संपादन वा आराखड्यांचे काम करणाऱ्यांना हवे.

पडदा, बॅटरी आणि मराठी

जाहिरातीत ३९.६२ सेंमी लिहिलेले असते, ते १५.६ इंच, ३५.५६ सेंमी म्हणजे १४ इंच. रोज रेल्वेने नेणाऱ्यांसाठी १४ इंची बरा. पडदा १९२० × १०८० चा, आयपीएस जातीचा आणि न चमकणारा असावा. १३६६ × ७६८ च्या पडद्यावर मराठीतील काना-मात्रा आणि जोडाक्षरे अस्पष्ट दिसून डोळे शिणतात.

बॅटरीचे तास जाहिरातीतून घेऊ नयेत, वॉट-अवरचा आकडा पाहावा. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि सात वॉटचा वापर असेल तर सुमारे सहा तास मिळतात. व्हिडिओ कॉलवर त्याहून बरेच कमी. पावसाळ्यात ज्यांच्या गावी वीज वारंवार जाते, त्यांनी हा आकडा प्रोसेसरइतकाच महत्त्वाचा मानावा.

मराठीसाठी वेगळा कीबोर्ड विकत घेण्याची गरज नाही. इनस्क्रिप्ट हा मांडणीचा प्रकार विंडोजमध्येच असतो आणि युनिकोडमधील मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. जुन्या फॉन्टमध्ये ठेवलेली कागदपत्रे असल्यास ती नव्या यंत्रावर उघडतात का, हे आधी पाहावे.

पैसे देण्यापूर्वी

लॅपटॉपबरोबर विंडोज आहे की नाही, ते विचारावे. काही यंत्रे त्याविना स्वस्तात विकली जातात आणि खर्च नंतर वाढतो. ऑफिसची आयुष्यभराची प्रत आहे की काही महिन्यांची, तेही लिहून घ्यावे. लिब्रे ऑफिस मोफत मिळते आणि पत्रे-हिशेबांना पुरते. बिलावर सिरियल नंबर असावा, वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची आहे का आणि सेवा केंद्र किती दूर आहे, हे पाहावे. वापरलेला लॅपटॉप घेणे कमीपणाचे नाही. मात्र पिढी, एसएसडी आणि बॅटरीची अवस्था तपासून घ्यावा.

थोडक्यात, अलीकडची पिढी, एसएसडी, किमान ८ जीबी रॅम आणि स्पष्ट पडदा, एवढे जमले तर बहुतेक घरांचे व कार्यालयांचे काम पाच वर्षे निर्वेध चालेल. दुकानात जाण्यापूर्वी आपले काम कोणते, ते घरी बसून कागदावर लिहावे आणि तो कागद बरोबर न्यावा. पत्रकावरील आकडे त्या कागदाशी ताडून पाहिले, तर कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.