‘वाय’ दाबायला कोणी नसतं

ज्याने कधी हाताने उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम संगणकावर बसवली आहे, त्याला ती प्रश्नावली ओळखीची असते. भाषा कोणती? कीबोर्ड कोणता? टाइम झोन? आशिया/कोलकाता. मग डिस्कची विभागणी, वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, पुन्हा पासवर्ड. एकदा करायला यात मौज आहे. पण लॅबमधल्या तीस संगणकांवर हेच करायचं म्हटलं, की कुठेतरी एखादं बटण चुकीचं दाबलं जातं आणि महिन्याभराने कुणीतरी म्हणतं, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय!’

सगळ्यांना एकसारखं यंत्र देण्याचा एक मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन: संगणकाच्या पोटात चालणारा दुसरा संगणक. खऱ्या यंत्राची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांतला ठरावीक वाटा त्याला मिळतो, आणि आतली ऑपरेटिंग सिस्टीम आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असंच धरून चालते. कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या मंडळींनी 1960च्या दशकातच मोठ्या संगणकांवर ती चालवून दाखवली होती. घरच्या संगणकावर ती रुळली 1999 मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशन आल्यानंतर. प्रश्नावली मात्र तशीच राहिली. यंत्र आभासी असलं तरी उत्तरं सहसा माणसालाच द्यावी लागत.

मिचेल हाशिमोतो या तरुण अमेरिकी प्रोग्रॅमरने 2010 मध्ये व्हेग्रंट नावाचं साधन आणलं, ते या कटकटीवर. त्यात यंत्राचं वर्णन एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहायचं: कुठली तयार उबंटू घ्यायची, मेमरी 2048 एमबी, प्रोसेसर दोन, आणि सिस्टीम सुरू झाली की कुठल्या आज्ञा चालवायच्या. जेमतेम दहा ओळी. मग टर्मिनलमध्ये ‘व्हेग्रंट अप’ एवढंच टाइप करायचं. उबंटूची तयार प्रत उतरते, व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर तिला यंत्राचं रूप देतं आणि फाइलमधल्या आज्ञांची स्क्रिप्ट हवं ते सॉफ्टवेअर आत बसवते.

खरी शिकवणी सुरू होते ती स्क्रिप्ट लिहिताना. समजा, एनजिनएक्स हा वेब सर्व्हर हवा आहे. हाताने काम करताना ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ म्हटलं, की उबंटू अनेकदा विचारते, पुढे जाऊ का? आपण ‘वाय’ दाबतो आणि विसरूनही जातो. स्क्रिप्टमध्ये तोच प्रश्न आला, तर ‘वाय’ दाबायला तिथे कोणी नसतं. उत्तर न मिळाल्याने काम तिथेच सुटतं. म्हणून आज्ञेतच ‘-वाय’ जोडून होकार आधी देऊन ठेवावा लागतो. नकळत केलेली अशी प्रत्येक गोष्ट स्क्रिप्ट आपल्याकडून लिहून घेते, आणि तिचा मोठा उपकार हाच आहे. एरवी हे सारं एखाद्या अनुभवी माणसाच्या बोटांत असतं आणि तो नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं.

दुसरा चकवा पुनरावृत्तीचा. फोल्डर तयार करण्याची साधी आज्ञा पहिल्यांदा चालते. दुसऱ्यांदा फोल्डर आधीच असल्याने चूक दाखवते. सेटिंगच्या फाइलला एक ओळ जोडणारी आज्ञा दोनदा चालली, की तीच ओळ दोनदा येते. कितीही वेळा चालवली तरी शेवटची स्थिती एकच राहील, अशी स्क्रिप्ट लिहायला सराव लागतो.

यंत्राचं वर्णन असलेली ही फाइल एक-दोन केबीची, सहज ईमेलने पाठवता येते. तिच्यातून उभं राहणारं यंत्र कित्येक जीबींचं. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये ही फाइल ठेवली, तर कुठली ओळ कोणी, कधी बदलली हेही कळतं. मात्र परक्या माणसाची अशी फाइल न वाचता चालवू नये. तिच्यातल्या काही आज्ञा आपल्या मूळ संगणकावरही चालू शकतात.

काम संपलं की ‘व्हेग्रंट डिस्ट्रॉय’. यंत्र आणि त्याच्या डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून जपायच्या फाइली बाहेरच्या संगणकाशी जोडलेल्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवायच्या. उभारताना एकही प्रश्न न विचारणारं व्हेग्रंट इथे मात्र थांबतं आणि खात्री करून घेतं. नुसतं एंटर दाबलं तर ते ‘नाही’ असंच धरतं. ‘वाय’ या वेळी माणसालाच दाबावा लागतो.