दूरचे पाहताना (भाग २) : झूमचा आकडा आणि भिंगाचे तोंड

दुर्बिणीवरच्या ८×४२ मधला दुसरा आकडा भिंगाचा व्यास सांगतो आणि उजेडाचा हिशेब त्याच्यावर चालतो, हे मागच्या भागात आले. लांब झूमच्या कॅमेऱ्यावर जाहिरात होते ती मात्र पटींची. निकॉनचा पी९५० ८३ पट, २०१८चा पी१००० तर १२५ पट! करंजवण, पालखेड, वाघाड अशी धरणे असलेल्या दिंडोरी तालुक्यात याचा मोह पडणे साहजिक आहे. पाण्याच्या मध्यावर बसलेले बदक काठावरून ठिपक्याएवढे दिसते. शिवाय इथलीच कादवा पुढे जिथे गोदावरीला मिळते, ते नांदूर मध्यमेश्वर २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले. पण पट म्हणजे झूमच्या दोन टोकांचे गुणोत्तर. त्यावरून उजेड किती गोळा होतो ते कळत नाही.

त्यासाठी साधा भागाकार पुरतो. पी१०००चे पूर्ण झूमवर सांगितले जाणारे ३००० मिमी हे फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या मापातले. भिंगाचे खरे केंद्रांतर ५३९ मिमी आणि त्या टोकाला छिद्र एफ/८, म्हणजे उजेड आत येण्याचे तोंड ५३९ भागिले ८, सुमारे ६७ मिमी. पी९५०चे ३५७ भागिले ६.५, म्हणजे ५५. आता सोनीचा आरएक्स१० मार्क ४ घ्या. तो अवघा २५ पट, पण २२० भागिले ४ केले की तिथेही ५५च येतात! दूरच्या त्याच बदकाकडून पी९५० आणि हा कॅमेरा जवळपास सारखाच उजेड गोळा करतात. सोनीचा सेन्सर चौपट मोठा असला, तरी त्यावर बदकाची प्रतिमा पी९५०पेक्षा लहान पडते.

मग १२५ पट ही निव्वळ फसवणूक का? तसे नाही. ६७चे तोंड ५५च्या दीडपट उजेड घेते. मात्र एफ/८ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे एक बिंदू सुमारे ११ मायक्रॉन पसरतो आणि पी१०००चा पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा. एकच बिंदू आठ पिक्सेल रुंद झाल्यावर १६ मेगापिक्सेलचा तपशील यायचा कुठून? त्यात पूर्ण झूमवर १०० मीटरवरची चौकट सव्वा मीटरहूनही कमी रुंद, त्यामुळे उडता पक्षी तीत सापडणे कठीण. आणि ऊन चढून हवा थरथरू लागली की कुठल्याच भिंगाचा इलाज चालत नाही. सकाळ गाठावी लागते.

६०० मिमी एफ/४च्या मोठ्या लेन्सचे तोंड १५० मिमी, तिच्यापुढे हे सगळे फिके, असा आक्षेप येतो. तो खरा आहे. पण तिची किंमत लाखांत जाते. शिवाय काठावरच्या माणसाला बहुधा भिंतीवर लावायचा फोटो नको असतो, तर पक्षी कोणता ते ठरवायचे असते. थापट्या बदकाची चपटी, रुंद चोच ओळखू आली की त्याचे काम झाले. त्याला पी९५० पुरेसा आहे. पी१००० सुमारे १.४ किलोचा, हा एक किलोचा. दिवसभर गळ्यात वागवताना ते ४०० ग्रॅम जाणवतात. उडते थवे टिपायचे असतील, तर मात्र चटकन फोकस धरणारा सोनीच बरा.