पाचशेच्या वेगातली ड्रॅग कार थांबते कशी? हायवेवर रेस लावणाऱ्या पोरांनी वाचाच

जळगाव/धुळे : मोबाईलवर ड्रॅग रेसच्या रील सगळेच बघतात. सरळ पट्टा, दोन गाड्या, काही सेकंदांत खेळ खल्लास. पण रेष ओलांडल्यावर गाडी थांबते कशी, ते रीलमध्ये दिसत नाही. खरी जोखीम तिथंच असते.

आपल्या राज्यात लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीत विमानाच्या धावपट्टीवर 'व्हॅली रन' ही ड्रॅग रेस झालेली आहे. अशा शर्यतीचं नेहमीचं अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. पण पट्टा त्याहून बराच लांब लागतो. बैलगाडा शर्यतीत रेषेपुढं मोकळं रान ठेवतात, तसंच हे.

अमेरिकेतल्या 'टॉप फ्युएल' गाड्या ताशी 530 किलोमीटरच्या वेगाला पोहोचतात. त्या थांबतात अशा :

1. रेष ओलांडताच ड्रायव्हर पाय काढतो आणि मागचे दोन पॅराशूट सोडतो. वेग दुप्पट तर हवेचा अडथळा चौपट, म्हणून जास्त वेगात पॅराशूटच कामाचं.

2. वेग उतरला की पॅराशूटची ओढ घटते. मग ब्रेक. सगळा भार आधीच ब्रेकवर टाकला तर तो तापून पकड सोडतो.

3. दोन्ही फसलं तर शेवटी वाळू आणि जाळी.

एवढं करूनही 21 जून 2008 रोजी न्यू जर्सीत स्कॉट कलिटा या नामी ड्रायव्हरचा जीव गेला. इंजिनचा स्फोट झाला, पॅराशूटनं काम केलं नाही. त्यानंतर सर्वात वेगवान गाड्यांची शर्यत 1000 फुटांवर, म्हणजे 305 मीटरवर आणली. थांबायला जागा वाढली.

आता आपला धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हायवे बघा. इथं ना पॅराशूट, ना वाळू. पुढं फाटा, कापसाची ट्रॉली, नाहीतर रस्ता ओलांडणारी म्हातारी. ताशी 100 च्या वेगात ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी 28 मीटर पुढं गेलेली असते. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात. वेग 50 चा 100 केला की ब्रेक लागल्यावर थांबायचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. रस्ता ओला असेल तर आणखी जास्त.

विनापरवानगी रस्त्यावर रेस लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलं तरी 3 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

गाडी पळवणं सोपं आहे भाऊ. थांबवायला जागा लागते, आणि ती हायवेवर नाही.