आंत्रविकारांवरील दीर्घप्रभावी पेप्टाइड औषधे : निर्मिती आणि शुद्धीकरण

प्रस्तावना : प्रौढ माणसाचे लहान आतडे साधारणतः ६ मीटर लांब असते. आतड्याला पीळ पडणे, त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे किंवा क्रोन विकार अशा कारणांनी त्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. शिल्लक लांबी २ मीटरहून कमी राहिली तर अन्नपाण्याचे पुरेसे शोषण होत नाही. या लघुआंत्र विकाराच्या अनेक रुग्णांना आठवड्यातील बऱ्याच रात्री शिरेवाटे पोषण घेत काढाव्या लागतात. अशा रुग्णांसाठी उपयुक्त ठरलेल्या एका पेप्टाइड गटाची निर्मिती, आणि विशेषतः शुद्धीकरण, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जीएलपी-२ हे ३३ अमिनो आम्लांचे संप्रेरक आतड्यातच स्रवते. ते आतड्याच्या अस्तराची वाढ घडवून आणते, हे टोरांटो येथील डॅनियल ड्रकर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. अडचण अशी की रक्तातील डीपीपी-४ हे विकर या साखळीच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते, त्यामुळे तिचा अर्धायुकाल अवघा सुमारे ७ मिनिटे भरतो. दुसऱ्या स्थानावरील अलानिनच्या जागी ग्लायसीन बसविले की विकराची पकड सुटते. हेच टेडुग्लुटाइड होय. अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध रोज एकदा त्वचेखाली टोचावे लागते. अप्राग्लुटाइड हा रेणू याच्या पुढे जातो. त्यात ग्लायसीनबरोबरच दहाव्या स्थानी नॉरल्युसीन, अकराव्या स्थानी फेनिलअलानिनचे डी-रूप आणि सोळाव्या स्थानी ल्युसीन आहे. तो आठवड्यातून एकदा देण्याच्या दृष्टीने रचलेला आहे. मात्र २०२५ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्यासाठी आणखी एका चाचणीची अपेक्षा व्यक्त केली.

निर्मितीचे दोन मार्ग : रेणूत केलेला बदलच निर्मितीचा मार्ग ठरवितो, ही बाब पाठ्यपुस्तकांत क्वचितच स्पष्ट केली जाते. ग्लायसीन हे नैसर्गिक अमिनो आम्ल असल्याने टेडुग्लुटाइड ई. कोलाय जिवाणूकडून तयार करून घेता येते. जनुकीय मार्गाचे आपल्या परिचयाचे उदाहरण औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर). तेथे वोखार्ट कंपनीने यीस्टच्या साहाय्याने मानवी इन्सुलिन तयार केले व ते २००३ मध्ये बाजारात आणले. परंतु नॉरल्युसीन आणि डी-फेनिलअलानिन यांना जनुकीय संकेतात स्थानच नाही. सामान्य जिवाणूला ती साखळीत गुंफता येत नाहीत. अशा वेळी ब्रूस मेरिफील्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेले घनाधार संश्लेषण उपयोगी पडते. त्यात राळेच्या मण्यांवर एकेक अमिनो आम्ल जोडत साखळी वाढविली जाते. मेरिफील्ड यांना याच कार्यासाठी १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे साधे गणित पाहावे. ३३ अमिनो आम्लांच्या साखळीत ३२ जोडण्या असतात. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी अखेरीस अचूक साखळ्या सुमारे ७२ टक्केच मिळतात. जोडणीचे यश ९९.५ टक्क्यांवर गेले तर हे प्रमाण ८५ पर्यंत जाते. उरलेल्या साखळ्यांपैकी पुष्कळांत एखादेच अमिनो आम्ल गळालेले असते, म्हणजे त्या मूळ औषधाच्या जवळजवळ जुळ्या बहिणी असतात.

शुद्धीकरण : आपल्या पदवी प्रयोगशाळेत विद्यार्थी कागदी वर्णलेखनाने दोन-तीन अमिनो आम्ले वेगळी करतात आणि निनहायड्रिनचे जांभळे ठिपके पाहून समाधान पावतात. ३३ आणि ३२ अमिनो आम्लांच्या साखळ्या तेथे वेगळ्या होणार नाहीत. कारखान्यात यासाठी व्युत्क्रम-प्रावस्था द्रव वर्णलेखन वापरतात. सिलिकाच्या कणांवर १८ कार्बनच्या शृंखला बसवून स्तंभ भरला जातो आणि त्यातून पाणी व अ‍ॅसिटोनायट्राइल यांचे बदलते मिश्रण सोडले जाते. जलविरोधी रेणू उशिरा बाहेर पडतात. शिखराचा मधला भाग तेवढा घ्यायचा, दोन्ही बाजूंचे अंश पुन्हा स्तंभातून न्यायचे. शुद्धता वाढविली की उत्पादन घटते, आणि ही ओढाताण कोणत्याही उपकरणाने पूर्णतः टळत नाही. नंतर वर्णलेखनातील ट्रायफ्ल्युरोअ‍ॅसिटेट काढून औषधास योग्य असे लवणरूप देणे व गोठवून सुकविणे या पायऱ्या येतात.

रेणूतील एखादा बदल शुद्धीकरणालाही साहाय्यक ठरतो. मेथिओनिनचे सहज ऑक्सिडीकरण होते. त्याजागी नॉरल्युसीन आल्याने अप्राग्लुटाइडमध्ये ती अशुद्धी उद्भवतच नाही. याउलट लिराग्लुटाइडसारख्या मधुमेहावरील औषधात प्रभाव लांबविण्यासाठी मेदाम्लाची शृंखला जोडतात. ती रक्तातील अल्ब्युमिनला चिकटते खरी, परंतु तिच्यामुळे रेणू एकमेकांशीही पुंजके करू लागतात.

अशुद्धीविषयी एवढी काळजी का? परक्या साखळीविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करू शकते. अमेरिकी औषध प्रशासनाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना जनुकीय मार्गाने बनलेल्या पाच मूळ औषधांच्या रासायनिक आवृत्त्यांना लागू आहेत. मूळ औषधात नसलेली कोणतीही नवी अशुद्धी ०.५ टक्क्यांहून अधिक नसावी, असे त्या सांगतात. लिराग्लुटाइड आणि टेडुग्लुटाइड ही दोन्ही त्या पाचांत आहेत.

यांपैकी लिराग्लुटाइडची समरूप आवृत्ती मुंबईच्या ग्लेनमार्क कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये भारतात आणली, तेव्हा १.२ मिलिग्रॅम मात्रेचा दैनिक खर्च सुमारे १०० रुपये सांगण्यात आला. टेडुग्लुटाइडची स्थिती वेगळी आहे. अमेरिकेत ते आले तेव्हा वर्षाची किंमत सुमारे २ लाख ९५ हजार डॉलर होती. मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोस ०.०५ मिलिग्रॅम, ६० किलोच्या रुग्णाला दिवसाला ३ मिलिग्रॅम, म्हणजे वर्षाला जेमतेम १.१ ग्रॅम. एवढी किंमत केवळ शुद्धीकरणामुळे होते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. लिराग्लुटाइडमागे मधुमेहाचे लक्षावधी रुग्ण उभे आहेत, लघुआंत्र विकाराचे रुग्ण मोजके. स्तंभ, विश्लेषणाच्या पद्धती आणि प्रतिपिंडांच्या चाचण्या मात्र दोहोंसाठी तितक्याच काटेकोरपणे उभाराव्या लागतात, आणि तो खर्च या थोड्या ग्रॅमांवरच विभागला जातो.