*एक्स्पोर्ट कोऑर्डिनेटर दिवसभर करतो काय? आणि त्याला आपली फवारणीची वही कशाला हवी?*



मागच्या मीटिंगनंतर वाणगावकडच्या एका काकांनी विचारलं, "पोरगी बोईसरला कंपनीत एक्स्पोर्ट कोऑर्डिनेटर म्हणून लागली. दिवसभर कॉम्प्युटर आणि फोन. मालाला हातसुद्धा लावत नाही. मग पगार कशाचा देतात?"

प्रश्न चांगला आहे. आपली मिरची किंवा चिकू बाहेर पाठवायचा तर हेच काम आपल्यालाही लागतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. मेसेज मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*काम थोडक्यात*
माल बनवणारा वेगळा, गाडीवाला वेगळा, कस्टमचं काम करणारा एजंट वेगळा, जहाज कंपनी वेगळी आणि घेणारा समुद्रापलीकडे. या सगळ्यांच्या कागदावर एकाच मालाची एकच माहिती आहे ना आणि ती वेळेत पोचली ना, हे बघायचं काम कोऑर्डिनेटरचं.

*तारापूर एमआयडीसीतून एक कंटेनर न्हावा शेव्याला जातो, तेव्हा:*
१) आधी जहाजात जागा बुक होते. जहाज कंपनी 'कट-ऑफ' देते, म्हणजे कंटेनर बंदरात पोचायची शेवटची वेळ.
२) इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट तयार होते. नग, वजन, मालाचा आठ आकडी कोड, सगळं त्यात येतं.
३) एजंट ऑनलाइन शिपिंग बिल भरतो. कस्टमची परवानगी आल्याशिवाय माल चढत नाही.
४) भरलेल्या कंटेनरचं खरं वजन कळवावं लागतं. जुलै २०१६ पासून हा जगभर नियम आहे.
५) माल चढल्यावर जहाज कंपनी 'बिल ऑफ लेडिंग' देते. विमानाने माल गेला तर 'एअरवे बिल'.

यात गाडी चिल्हार फाट्यावरून हायवेला लागते आणि घोडबंदरला अडकते. कट-ऑफ चुकला की माल पुढच्या जहाजाला, आणि मधला खर्च आपल्या अंगावर. काकांच्या मुलीचा फोन सारखा चालू असतो तो यासाठी.

*आपल्या मालाचं वेगळं काय?*
लोखंड आठ दिवस थांबेल, हिरवी मिरची थांबत नाही. शिवाय आपल्याला एक कागद जास्त लागतो: फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. मालात कीड-रोग नाही असा हा सरकारी दाखला. प्लांट क्वारंटाइनचे अधिकारी माल तपासून तो देतात.

हा कागद किती महत्त्वाचा ते २०१४ मध्ये कळलं. आपल्याकडून गेलेल्या मालात फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून युरोपने १ मे २०१४ पासून भारताचा आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं. आंबा २०१५ मध्ये सुटला, भाज्यांना २०१७ उजाडलं. ज्यांच्या मालात एकही अळी नव्हती, त्यांचाही माल थांबला.

दुसरी गोष्ट औषधाचा अंश. ज्या औषधाला युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट असते. हिशेब करा: १०० टन मिरचीत १ ग्रॅम. क्लोरपायरीफॉसची मंजुरी तर युरोपने २०२० मध्येच काढून घेतली. म्हणून "थोडंसंच मारलं होतं" हे तिथे चालत नाही.

आणि हे आपल्याला जमणारं नाही असंही नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मिळालं आणि २०२१ मध्ये आपल्या जिल्ह्यातला हा चिकू ब्रिटनला गेला. पॅकिंग मात्र गुजरातमधल्या तापी जिल्ह्यातल्या नोंदणीकृत पॅकहाऊसमध्ये झालं.

*माझी स्वतःची चूक सांगतो*
मागच्या हंगामात दुबईसाठी मिरचीचा लॉट लावला होता. यादीत मी २१२ बॉक्स लिहिले. गाडी भरताना ४ बॉक्समधली मिरची नरम दिसली, म्हणून ते काढले. यादी बदलायची राहिली. पुढे तपासणीत २०८ भरले आणि कागदावर २१२. कागद दुरुस्त होईपर्यंत विमान गेलं. माल वाशी मार्केटला द्यावा लागला, आणि ११ सभासदांना एक्स्पोर्टचा भाव मिळाला नाही. मालात खोट नव्हती, माझ्या आकड्यात होती. त्या दिवशी मला कोऑर्डिनेटरचं काम खऱ्या अर्थाने समजलं.

*आता आपण काय करायचं?*
✅ फवारणी केली त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, प्लॉट, लेबलवरचं औषधाचं नाव, प्रमाण. आठवून लिहिलेली वही उपयोगाची नाही.
✅ शेवटची फवारणी आणि तोडणी यात लेबलवर दिलेले दिवस सोडा. भाव चढलाय म्हणून घाई नको.
✅ दुकानातली पावती वहीतच चिकटवा.
✅ क्रेटवर लॉट नंबर लावा. कमी पडले म्हणून शेजारच्या प्लॉटचा माल मिसळू नका. एका क्रेटमुळे सगळा लॉट परत येतो.
✅ क्रेट एक जरी कमी-जास्त झाला तरी गाडी सुटायच्या आधी फोन करा. रात्र झाली असली तरी चालेल.

❗ एक खरं सांगतो: एक्स्पोर्टला दर वेळी जास्तच पैसे सुटतात असं नाही. तपासणी, पॅकिंग, भाडं जाऊन काय उरतं ते आधी बघू, मगच लॉट लावू. ज्यांची वही पूर्ण आहे, त्यांचाच माल घेता येईल. कृपया राग मानू नका.

👩‍💻 घरात बारावी किंवा पदवी झालेली मुलं असतील, इंग्रजी मेल वाचता-लिहिता येत असेल, एक्सेल येत असेल आणि आकडा दोनदा तपासायची सवय असेल, तर बोईसर-तारापूरच्या कंपन्यांत हे काम जरूर बघा. उद्या आपल्या कंपनीलाही अशी माणसं लागतील.

काका, तुमच्या मुलीला पगार मिळतो तो कागदावरचे २१२ आणि गाडीतले २१२ सारखे ठेवण्याचा. 🙏

वहीच्या पानाचा फोटो दर रविवारी मला पाठवा. अक्षर वाईट असलं तरी चालेल.

— तुमचा कृषी सल्लागार