शके ८४८ : संजाणचा मुहम्मद आणि त्या वर्षीचे जग

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात १९५० च्या दशकात जमिनीतून तांब्याचे पत्रे निघाले. त्यांवर संस्कृतात मजकूर कोरलेला होता. प्रसिद्ध लिपिज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचले आणि ‘एपिग्राफिया इंडिका’ या पुरातत्त्व खात्याच्या ग्रंथमालेच्या ३२ व्या खंडात छापले. ती वेगवेगळ्या काळातली पाच दानपत्रे होती. त्यांतले सर्वांत जुने शके ८४८ चे, म्हणजे इ.स. ९२६ चे. हिजरी सन तेव्हा ३१४ च्या आसपास.

या ताम्रपटात राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याचे नाव आहे. त्याच्या हाताखाली ‘संयान मंडल’ सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचेही आहे. संयान म्हणजे संजाण. डहाणू रोडवरून गाडीने उत्तरेला निघालो की घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव रोड आणि मग संजाण येते. आज मधे राज्याची हद्द लागते आणि संजाण गुजरातच्या वलसाड जिल्ह्यात मोडते. तलासरीच्या लोकांना मात्र ते बाजाराइतके जवळ. तेव्हा हद्द नव्हती आणि हा सगळा किनारा संजाणच्या बंदराकडे तोंड करून होता.

त्या अधिकाऱ्याचे नाव ताम्रपटात ‘मधुमति’ असे आहे. आजच्या वाचकाला यावरून दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला आठवतील. गंमत म्हणजे तो चित्रपट आणि ताम्रपटाचे वाचन जवळजवळ एकाच वेळचे. पण हा मधुमति म्हणजे मुहम्मद. संस्कृत लिहिणाऱ्या पंडिताच्या कानाला ते नाव जसे ऐकू आले, जसे श्लोकात बसले, तसे त्याने लिहिले. त्याचे दुसरे नाव सुगतिप आणि बापाचे नाव ‘सहियारहार’. यात शहरियार या फारसी नावाची छाया दिसते. आणि तो कोणत्या कुळातला, तेही ताम्रपट स्पष्ट सांगतो : ताजिक.

ताजिक हा शब्द आपल्या भाषांत बराच फिरलेला आहे. अरबी घोड्याला जुन्या मराठीत ‘ताजी’ म्हणतात. वर्षफळ सांगणारे ज्योतिषी ‘ताजिक’ पद्धतीचे नाव घेतात. मूळ अर्थ अरब, किंवा अरबांच्या मुलखाकडून आलेला. हाच शब्द याच किनाऱ्यावर आधी एका वेगळ्या सुरात आलेला आहे. इ.स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात चालुक्य घराण्यातल्या पुलकेशी अवनिजनाश्रय याने ताजिकांच्या सैन्याचा पराभव केल्याचे वर्णन आहे. सिंधमधून निघालेले ते अरब सैन्य होते. नवसारी संजाणच्या वरच्याच अंगाला. म्हणजे ७३९ मध्ये ताजिक म्हणजे चाल करून आलेला शत्रू आणि ९२६ मध्ये ताजिक म्हणजे राजाचा विश्वासू मंडलाधिकारी. मधे एकशे सत्त्याऐंशी वर्षे. एवढ्या काळात जे घडले ते तलवारीने घडवलेले नाही. जहाजे आली, व्यापारी राहिले, त्यांची मुले इथेच वाढली.

अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, आपल्या कोकणात आला होता. सैमूर म्हणजे चौल. तिथे त्याने सुमारे दहा हजार मुसलमान पाहिल्याचे लिहिले आहे. काही सिराफचे, काही ओमानचे, काही बसऱ्याचे आणि बगदादचे. आणि बरेचसे इथेच जन्मलेले, ज्यांना ‘बयासिरा’ म्हणत. त्यांच्या तंट्याबखेड्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक मुखिया नेमलेला होता. त्या पदाला ‘हुनरमन’ म्हणत. पुढे अल-इस्तख्री आणि इब्न हौकल या भूगोलकारांनीही नोंदवले की बल्हराच्या राज्यात मुसलमानांवर मुसलमानच अधिकारी असतो. बल्हरा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांची पदवी. अरब लेखकांनी हिंदुस्थानातल्या ज्या राजाची सर्वांत जास्त स्तुती केली तो हाच.

तेव्हा चौलला मुसलमानांपुरता मुखिया होता. संजाणचा मुहम्मद त्याहून मोठा. त्याच्याकडे सगळे मंडल होते, त्यातली सगळी माणसे होती. पहिल्यांदा तिसऱ्या इंद्राचा आजा दुसरा कृष्ण याने त्याला ते दिले आणि नातवाने तसेच चालू ठेवले. ताम्रपट म्हणतो की त्याने आसपासच्या बंदरांचे सगळे नायक आपल्या धन्यासाठी जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. म्हणजे गृहस्थ केवळ सोज्वळ दानशूर नव्हता. बंदरे जिंकताना काय होते हे समुद्रकाठच्या माणसाला सांगायला नको. ती ज्यांच्याकडून घेतली त्यांचे म्हणणे कोणत्याही पत्र्यावर कोरलेले नाही.

मग त्याच पत्र्यावर त्याची दुसरी कामे येतात. त्याने दोन नद्यांवर तर चालू केली, तीही फुकट. आणि संजाणात एक अन्नछत्र उघडले. तिथे आल्यागेल्याला साळीचा भात, कालवणे आणि तूप मिळे. पैसे लागत नसत. ताम्रपटाने जेवणाचा हा बेत मुद्दाम नोंदवला आहे, आणि मला वाटते तो नोंदवण्यासारखाच आहे. कोरडी भाकर टाकून पुण्य घ्यायचा हा प्रकार नव्हता. साळीचा भात आणि तूप हे पाहुण्याचे जेवण. तरीचेही तसेच. आपल्या या पट्ट्यात दर काही कोसांवर खाडी किंवा नदी आडवी येते. संजाणजवळ वारोळी आहे, चिंचणीला तारापूरची खाडी. पूल नसताना पावसाळ्यात पलीकडे जायचे तर नावाड्याची मर्जी आणि त्याचा दर. गरोदर बाई असो, डोक्यावर मोळी घेतलेला माणूस असो, उतारा द्यावाच लागे. तो ज्याने बंद केला, त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले असेल तर नवल नाही.

आता या दानपत्राचा मूळ विषय. अन्नैय नावाच्या भारद्वाजगोत्री ब्राह्मणाने संजाणात एक मठिका बांधायची ठरवली. मुहम्मदाने राजाची मान्यता घेऊन तिच्यासाठी कोलीमहार विषयातले कणाडुक हे गाव आणि देवीहर या गावातली काही जमीन लावून दिली. विषय म्हणजे तेव्हाचा तालुका म्हणू या. उत्पन्न कशावर खर्चायचे तेही ठरवून दिले : मठाची डागडुजी, दशमी देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय महापर्षदेतल्या नऊ जणांचे जेवण. अरब कुळातला मुसलमान अधिकारी, कर्नाटकातल्या मान्यखेटचा राजा, गौड ब्राह्मणांची पर्षद आणि देवीचा नैवेद्य, हे सगळे एका पत्र्यावर.

या नोंदीचा मोह दोन्हीकडच्यांना पडतो. काहीजण तिला सर्वधर्मसमभावाच्या भाषणात घालतात. काहींना ती अडचणीची वाटते, म्हणून ते मधुमति हे मुहम्मदच कशावरून, असे विचारतात. मला दोन्ही पटत नाहीत. हा कारभार होता. मंडलात ब्राह्मण, व्यापारी, कोळी, ताजिक असे सगळे राहत; ज्याच्याकडे मंडल, त्याने त्यांच्या संस्था चालवायच्या, ही त्या काळची अधिकाऱ्याकडून अपेक्षा. मुहम्मदाने ती पुरी केली आणि त्यासाठी आपले नाव किंवा कूळ लपवले नाही. तेवढे पुरेसे आहे. आणि हेही विसरू नये की ‘गाव दिले’ याचा अर्थ त्या गावातल्या शेतकऱ्याने राजाला द्यायचा हिस्सा आता मठाला द्यायचा. त्याला कुणी विचारले नाही. डहाणू-तलासरीच्या रानात कुणाच्या घामाचे कुणाच्या कोठारात जाते हा प्रश्न पुढेही मिटला नाही; १९४५ मध्ये वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला तेव्हा हजार वर्षे उलटून गेली होती.

आता जरा नकाशा मोठा करू या. संजाणात भाताच्या पंगती बसत होत्या त्या वर्षी बाकीचे जग काय करत होते?

बगदादच्या तख्तावर अब्बासी खलिफा मुक्तदिर होता. तेराव्या वर्षी खलिफा झालेला हा माणूस. खजिना रिकामा, सैन्याचे पगार थकलेले आणि वजीर एकामागून एक बदललेले. बहरीनकडच्या करमतींनी ९२३ मध्ये बसरा लुटले, ९२४ मध्ये हजहून परतणारा काफिला कापून काढला. ९२६ मध्ये इराकमधून हजला निघणे म्हणजे जिवावर उदार होणे. चार वर्षांनी, ९३० मध्ये, याच लोकांनी मक्केत शिरून हाजींची कत्तल केली आणि हजरे अस्वद उचलून नेला. तो परत यायला ९५१ उजाडले. शिवाय खिलाफतही एक राहिली नव्हती. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर महदियात फातिमी खलिफा बसला होता. स्पेनमध्ये कुर्तुब्याचा तिसरा अब्दुर्रहमान बंडखोरांचे किल्ले एकेक करून घेत होता. ९२९ मध्ये त्यानेही खलिफा ही पदवी घेतली. मुसलमानांच्या मुलखात मुसलमानांना असे दिवस होते. अरबी समुद्राच्या या काठाला एक मुहम्मद राष्ट्रकूटांच्या चाकरीत निश्चिंत बसून तरी चालवत होता.

पूर्वेला चीनमध्ये ९२६ साली उत्तर तांग घराण्याचा सम्राट च्वांगत्सुंग सैनिकांच्या बंडात मारला गेला. त्याच वर्षी खितानांनी मांचुरिया आणि कोरियाच्या टोकावरचे पर्हे राज्य संपवले. जिंकणारा खितान सम्राट अपाओचीही त्याच वर्षी वारला. चिनी बंदरांची वाट आधीच अवघड झाली होती. ८७८-७९ मध्ये कँटन शहरात हुआंग चाओच्या बंडखोरांनी परदेशी व्यापाऱ्यांची मोठी कत्तल केली, तेव्हापासून अरब आणि चिनी जहाजे बरीचशी मलायाच्या बाजूला कलाह बंदरात भेटू लागली. अशा वेळी हिंदुस्थानचा किनारा अधिकच भरवशाचा. संजाणात २००२ ते २००४ या काळात उत्खनन झाले तेव्हा पश्चिम आशियातली निळसर झिलईची भांडी, काच आणि चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे मिळाले. दोन्ही टोकांचा माल इथे उतरत होता याची ती खूण.

युरोपची तर गोष्टच वेगळी. मे ९२६ मध्ये मग्यार घोडेस्वारांनी स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठावर धाड घातली. भिक्षूंनी आधीच ग्रंथ हलवले होते म्हणून ते वाचले. जागा न सोडणारी विबोराडा नावाची तपस्विनी मारली गेली. तिकडे मठ लुटला जात होता, इकडे मठ बांधला जात होता. पण यावरून आपण फार फुशारू नये. तिसऱ्या इंद्राने राज्याभिषेकाच्या वेळी, ९१५ मध्ये, कुरुंदक म्हणजे कुरुंदवाडला स्वतःची सोन्याने तुला करून दान केले, आणि लगेच पुढच्या मोहिमेत उत्तरेतले कनौज उद्ध्वस्त केले. दान आणि लूट एकाच हाताने.

संजाणचे पुढे काय झाले? राष्ट्रकूट गेले, शिलाहार आले. अन्नैयाची मठिका मात्र टिकली. चिंचणीच्याच दुसऱ्या एका पत्र्यावर तिचे शेजारच्या भिल्लमालदेवाच्या देवळाशी जमिनीवरून भांडण आणि मग वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची तडजोड नोंदली आहे. शेजाऱ्यांचा जमिनीचा वाद हजार वर्षांपूर्वी कसा मिटला हे पाहायचे असेल त्याने तो जरूर वाचावा. वाद दोन देवस्थानांचा होता, त्यात मुसलमान कुणी नव्हता. पारशी बांधवांच्या आठवणीतले संजाण हेच. ते पडल्यावर त्यांनी आपला पवित्र अग्नी बहारोटच्या डोंगरातल्या गुहांत नेऊन जपला, असे त्यांची परंपरा सांगते. तो डोंगर बोर्डी-तलासरीच्या बाजूचा, आपल्याच हद्दीतला.

पाचांतला आणखी एक ताम्रपट शके ९५६ चा आहे, इ.स. १०३४. मुहम्मदाच्या दानाला तेव्हा एकशे आठ वर्षे झाली होती. चामुंडराज नावाच्या शिलाहारांच्या मांडलिकाने त्याच मठिकेला तेलाचा एक घाणा दिला : देवीपुढे दिवा जळावा आणि तिथे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या पायांना चोळायला तेल मिळावे. त्या काळी दान देताना गावच्या प्रतिष्ठितांना कळवायची रीत होती. संजाण शहरातल्या ज्या ‘हंजमन’ नागरिकांना चामुंडराजाने हे कळवले, त्यांची नावे पत्र्यावर कोरली आहेत. हंजमन म्हणजे पारशांची अंजुमन की मुसलमानांची जमात, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. नावे अशी आहेत : अल्लिय, महर आणि मधुमत.